ओढा, तळे आणि खडक : एका विद्यापीठाची ऊर्जाकथा

दरवर्षी एप्रिल महिना आला की आपल्या मंडळातली निदान पाच-सहा कुटुंबे तरी मुलांना घेऊन कॉलेजे बघायला निघतात. फी किती, स्कॉलरशिप मिळते का, राहायची सोय कशी आहे, जेवणात शाकाहारी काय असते, हे सगळे प्रश्न आपण अगदी आठवणीने विचारतो. पण एवढ्या शेकडो इमारती हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार कशा राहतात, त्यांची वीज येते कुठून, असे कोणी विचारलेले मी तरी ऐकलेले नाही. नळ सोडला की पाणी येते, बटण दाबले की दिवा लागतो. त्यात विचारण्यासारखे काय आहे?

आहे, बरेच काही आहे! मोठे विद्यापीठ म्हणजे एक लहानसे शहरच असते. प्रयोगशाळांतली दूषित हवा सतत बाहेर टाकावी लागते आणि तेवढीच ताजी हवा गरम किंवा गार करून आत घ्यावी लागते. संगणक तर हिवाळ्यातसुद्धा तापतात. आयटी कन्सल्टंट म्हणून माझे निम्मे आयुष्य डेटा सेंटरांच्या आसपास गेले आहे. तिथे यंत्रे चालवायला वीज लागते हे सर्वांना ठाऊक असते, पण ती यंत्रे गार ठेवण्यासाठीही किती वीज खर्च होते हे बिल हातात आल्यावरच कळते.

मी २००४ साली मास्टर्स करण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात आलो. मूळचा सातारा जिल्ह्यातला, म्हणजे कोयनेच्या विजेच्या अभिमानावर वाढलेला! त्यामुळे कॅम्पसच्या मधून वाहणारा ओढा, त्यावरचा बंधारा आणि दरीतले छोटेसे वीजघर पाहिल्यावर माझे कुतूहल जागे झाले. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो आहे. त्यातून समोर आलेली गोष्ट मला आपल्या सर्वांना सांगाविशी वाटते. कारण ती केवळ यंत्रांची गोष्ट नाही. आज पैसे कोणी खर्चायचे, त्याचा लाभ कोणाला मिळणार आणि त्याची झळ कोणी सोसायची, या जुन्याच प्रश्नाची ती गोष्ट आहे.

आधी बंधारा, मग विद्यापीठ

इथाका हे गाव केयुगा नावाच्या लांबच लांब तळ्याच्या दक्षिण टोकाशी वसलेले आहे. हिमयुगात बर्फाच्या प्रवाहांनी जमीन कोरून काढली आणि हाताच्या बोटांसारखी लांबट तळी तयार झाली. म्हणून त्यांना ‘फिंगर लेक्स’ म्हणतात. केयुगा सुमारे ३८ मैल लांब आणि सर्वात खोल ठिकाणी ४३५ फूट खोल आहे. त्याचे नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून पडले. १७७९ साली जनरल सलिव्हनच्या सैन्याने त्या लोकांची गावे जाळून त्यांना तिथून हुसकावले, हेही या इतिहासाच्या सुरुवातीलाच सांगायला हवे.

एझ्रा कॉर्नेल हा तरुण १८२८ साली कामाच्या शोधात इथाकाला आला. तो हाताने काम करणारा माणूस, सुतारकी आणि यंत्रकाम जाणणारा. फॉल क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाण्यावर तिथे गिरण्या चालत. जेरेमाया बीबी या गिरणीमालकाकडे तो नोकरीला लागला. गिरण्यांना पाणी मिळावे म्हणून त्याने खडक फोडून बोगदा काढला आणि पुढे १८३८ साली ट्रिपहॅमर धबधब्याच्या माथ्यावर बंधारा घातला. त्या बंधाऱ्यामागे जे पाणी साठले ते आजचे बीबी लेक. कॉर्नेलचे विद्यार्थी संध्याकाळी ज्याच्या काठाने फिरतात, तेच!

पुढे टेलिग्राफच्या व्यवसायात एझ्रा कॉर्नेलने अमाप पैसा मिळवला आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांच्या साथीने १८६५ साली विद्यापीठ स्थापन केले. १८६८ साली वर्ग सुरू झाले. म्हणजे संस्थापकाने आधी पाणी अडवले आणि तीस वर्षांनी त्याच टेकडीवर विद्यापीठ उभे केले. हा योगायोग असेल. पण पुढची सगळी कथा याच ओढ्याच्या, तळ्याच्या आणि त्याखालच्या खडकाच्या भोवती फिरते.

विजेशी या विद्यापीठाचे नातेही असेच जुने आहे. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम अँथनी आणि त्यांचा विद्यार्थी जॉर्ज मोलर या दोघांनी १८७५ साली स्वतःच्या हातांनी एक डायनॅमो बनवला. १८७६ साली फिलाडेल्फियाला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि नंतर त्याच्या विजेवर कॅम्पसवर आर्क दिवे उजळले. एडिसनचा प्रसिद्ध दिवा १८७९ सालचा, म्हणजे हा डायनॅमो त्याच्याही चार वर्षे आधीचा. १८८३ साली इथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. त्या विषयाचा अभ्यासक्रम असलेली विद्यापीठे तेव्हा अमेरिकेतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

ओढ्याची वीज

१९०४ साली फॉल क्रीकच्या दरीत विद्यापीठाचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. बीबी लेकमधले पाणी जमिनीखालच्या मोठ्या नळातून उतारावरून खाली आणायचे, त्याच्या जोरावर टर्बाइन फिरवायचे आणि पाणी पुन्हा ओढ्यात सोडून द्यायचे. खंडाळ्याचा घाट उतरताना खोपोलीच्या वीजघराकडे जाणारे मोठमोठे नळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. खोपोलीचे टाटांचे केंद्र १९१५ सालचे. आकाराने त्याच्यापुढे फॉल क्रीक म्हणजे खेळणेच, पण तत्त्व तेच.

पुढे काळ बदलला. बाहेरून येणारी वीज स्वस्त झाली, तेल स्वस्त होते आणि या छोट्या केंद्राकडे दुर्लक्ष होत होत ते बंद पडले. मग १९७३ आणि १९७९ चे तेलसंकट आले. पेट्रोलसाठी अमेरिकेत रांगा लागल्या. १९७८ च्या एका कायद्याने लहान वीजउत्पादकांची वीज विकत घेणे मोठ्या कंपन्यांना भाग पाडले आणि देशभर जुनी, गंजलेली वीजघरे पुन्हा साफसूफ होऊ लागली. कॉर्नेलचे केंद्रही १९८१ साली नव्या टर्बाइनांसह परत सुरू झाले आणि आजही ते चालते.

आता खरा हिशोब पाहू. या केंद्राची क्षमता दोन मेगावॅटच्या आत आहे. आमच्या कोयनेची सर्व टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट. विद्यापीठाला वर्षभरात जी वीज लागते तिच्यापैकी सुमारे दोन टक्केच या ओढ्यातून मिळते. १९०४ साली हेच पाणी बरेच काही भागवत होते. पाणी तेवढेच राहिले, भूक मात्र कैक पटींनी वाढली. अक्षय ऊर्जेबद्दल बोलताना आपण बहुधा उत्पादनाबद्दलच बोलतो, भुकेबद्दल नाही. मला या वीजघराचा सर्वात मोठा धडा हाच वाटतो.

कोळशाची वाफ

ती भूक भागवली कोळशाने. विसाव्या शतकात बहुतेक अमेरिकन विद्यापीठांप्रमाणे कॉर्नेलनेही एक मध्यवर्ती बॉयलरघर बांधले. तिथे कोळसा जाळून वाफ करायची आणि जमिनीखालच्या नळांतून ती प्रत्येक इमारतीत पोहोचवायची. इथाकाचा हिवाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या वाफेची किंमत कळेल. प्रत्येक इमारतीत वेगळी भट्टी ठेवण्यापेक्षा हे फार बरे होते. शिवाय त्याचा एक फायदा पुढे फार उपयोगी पडला : सगळ्या इमारती एकाच जाळ्याला जोडलेल्या असल्या की मुळाशी एक बदल केला तरी तो सर्वत्र पोहोचतो. आम्ही संगणकवाले ज्याला नेटवर्क म्हणतो त्याचेच हे लोखंडी रूप!

१९६० च्या दशकापासून असेच एक जाळे गार पाण्याचेही तयार झाले. मोठमोठ्या चिलर यंत्रांतून पाणी गार करायचे आणि इमारतींमधून फिरवायचे. पण या यंत्रांत सीएफसी नावाची रसायने वापरली जात. ती ओझोनच्या थराला भोके पाडतात असे सिद्ध झाल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि प्रगत देशांनी १९९५ च्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबवले. कॉर्नेलपुढे प्रश्न उभा राहिला : यंत्रे तर बदलावीच लागणार, मग त्यांच्या जागी आणायचे काय?

तळ्याचा गारवा

सरळ उत्तर होते नवी चिलर यंत्रे आणण्याचे. तातडीच्या खर्चात ती स्वस्तही पडली असती. पण विद्यापीठाच्या अभियंत्यांची नजर टेकडीखालच्या तळ्याकडे गेली.

गावाकडे भर मे महिन्यातसुद्धा खोल आडाचे पाणी कसे गार लागते हे आपल्याला माहीत आहे. तळ्यात कारण थोडे वेगळे असते. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३९ अंश फॅरनहाइटला, सर्वात जड असते. हिवाळ्यात थंड झालेले जड पाणी तळाशी बसते आणि उन्हाळ्यात वरचे पाणी कितीही कोमट झाले तरी तळाला त्याचा पत्ता लागत नाही. थोडक्यात, निसर्ग दर हिवाळ्यात फुकट गारवा साठवून ठेवतो.

योजना अशी होती. किनाऱ्यापासून सुमारे दोन मैल लांबीची, पाच फुटांहून अधिक व्यासाची प्लास्टिकची नळी तळ्यात टाकायची आणि २५० फूट खोलीवरचे थंड पाणी किनाऱ्यावरच्या एका इमारतीत आणायचे. कॅम्पसच्या इमारतींतून फिरून कोमट झालेले पाणी दुसऱ्या नळांतून टेकडीवरून त्याच इमारतीत खाली येते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. धातूच्या पातळ पत्र्यांच्या अलीकडून एक आणि पलीकडून दुसरे वाहते आणि उष्णता तेवढी इकडून तिकडे जाते. तापलेल्या दुधाचे पातेले आपण पाण्याने भरलेल्या परातीत ठेवतो ना, तसेच. गार झालेले पाणी परत टेकडीवर जाते आणि तळ्याचे पाणी थोडे कोमट होऊन तळ्यात परत जाते. वीज लागते ती फक्त पंपांना.

जुलै २००० मध्ये ही योजना सुरू झाली. खर्च आला सुमारे ५ कोटी ८५ लाख डॉलर. चिलर यंत्रांच्या तुलनेत गारवा निर्माण करण्यासाठी लागणारी वीज सुमारे ८६ टक्क्यांनी कमी झाली. वर्षाला साधारण २ कोटी युनिट वाचू लागले. इथाका हायस्कूललाही याच योजनेतून गारवा मिळतो. चिलर यंत्रे दोन-तीन दशकांत बदलावी लागतात. या योजनेचे आयुष्य ७५ वर्षांहून अधिक धरलेले आहे. म्हणजे ज्यांनी तिला मंजुरी दिली त्यांच्यापैकी कोणीही तिचा पूर्ण लाभ बघायला असणार नाही. पुढे २००४ साली टोरांटो शहरानेही ओंटारिओ तळ्याच्या खोल पाण्यावर आपल्या मध्यवर्ती भागातल्या इमारती गार करायला सुरुवात केली.

ऐकायला छान वाटते. पण गावात या योजनेला कडाडून विरोध झाला, आणि विरोध करणारे पर्यावरणाचे शत्रू नव्हते, मित्रच होते. त्यांचे म्हणणे असे : तळाच्या पाण्यात फॉस्फरस असतो. ते पाणी उचलून दक्षिणेकडच्या उथळ, कोमट भागात सोडले की तिथे शेवाळ माजेल. तो भाग आधीच गढूळ आहे. शिवाय तळे सर्वांचे, मग एका श्रीमंत विद्यापीठाने ते आपल्या सोयीसाठी का वापरावे? परवान्यानुसार दिवसाला जास्तीत जास्त सुमारे ४ कोटी ६० लाख गॅलन पाणी फिरवता येते, हा आकडा कोणालाही दचकवणाराच होता. नागरिकांनी सभा घेतल्या, पत्रे लिहिली, निदर्शने केली.

विद्यापीठाचे उत्तर होते की तळ्यात पडणारी जादा उष्णता म्हणजे वर्षाला चार-पाच तास जास्त ऊन पडल्यासारखी आहे, आणि फॉस्फरसचा मोठा वाटा ओढ्यांतून, शेतांतून आणि सांडपाण्यातून येतो. तळाशी राहणारे झिंग्यासारखे बारीक जीव नळीत ओढले जाऊ नयेत म्हणून तिच्या तोंडाशी दिवेही बसवले, कारण ते जीव उजेडापासून दूर पळतात. वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने तपासले गेले. पुढे परवाना नव्याने देताना राज्य सरकारने आणखी अभ्यासाची अट घातली आणि विद्यापीठाच्या खर्चाने संपूर्ण तळ्याचे संगणकीय प्रारूप तयार झाले. फॉस्फरसचा मोठा भाग ओढ्यांतून येतो हे त्यातही दिसले.

मग विरोधक चुकले का? मला तसे म्हणवत नाही. कोळसा वाचवणे हे पर्यावरणाचे काम आणि तळे जपणे हेही पर्यावरणाचेच काम. हे दोन समोरासमोर आले तर कोणाची बाजू घ्यायची हे पुस्तकात लिहिलेले नसते. नागरिक भांडले नसते तर एवढ्या काटेकोर चाचण्या झाल्या असत्या का, शंकाच आहे. आज त्या तळ्याबद्दल जी माहिती उपलब्ध आहे तिचा बराचसा भाग या भांडणातून निघाला. आपल्याकडे धरणांवरून झालेली आंदोलने आठवली की वाटते, विरोधाला विकासाचा शत्रू ठरवण्याची घाई कोणीच करू नये.

विद्यार्थ्यांचा हट्ट

तळ्याची योजना सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, मार्च २००१ मध्ये, अमेरिकन सरकारने क्योटो करारातून अंग काढून घेतले. देश करार पाळणार नसेल तर निदान आपल्या विद्यापीठाने तरी पाळावा, अशी मागणी ‘क्योटो नाउ’ नावाच्या विद्यार्थी गटाने लावून धरली. एप्रिलमध्ये त्यांनी विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीत ठाण मांडले. शेवटी प्रशासनाने मान्य केले : हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा ७ टक्क्यांनी खाली आणायचे. अठरा-वीस वर्षांच्या मुलांचा हा हट्ट. पण पुढच्या अनेक निर्णयांची मुळे त्यातच आहेत.

२००७ साली अध्यक्ष डेव्हिड स्कॉर्टन यांनी देशभरातल्या कॉलेजांच्या हवामानविषयक जाहीरनाम्यावर सही केली. २००९ साली आराखडा तयार झाला : २०५० पर्यंत कार्बनचा हिशोब शून्यावर आणायचा. नंतर ही मुदत अलीकडे आणून २०३५ केली गेली.

त्याच २००९ सालच्या डिसेंबरात नैसर्गिक वायूवर चालणारे नवे केंद्र सुरू झाले. प्रत्येकी १५ मेगावॅटची दोन टर्बाइने वीज करतात आणि त्यांच्या गरम धुराड्यातली उष्णता वाया न घालवता तिच्यापासून वाफ तयार होते. एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही! २०११ साली कॅम्पसवर कोळसा जाळणे कायमचे थांबले. अनेक दशकांची ती सवय सुटली. आनंदाचीच गोष्ट होती.

पण त्याच २०११ साली कॉर्नेलच्याच रॉबर्ट हॉवर्थ, रेने सॅन्टोरो आणि अँथनी इन्ग्राफिया यांनी एक शोधनिबंध लिहिला. खडक फोडून काढलेल्या शेल वायूच्या उत्पादनात आणि वहनात मिथेन गळतो. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू आहे. म्हणून हा वायू कोळशापेक्षा स्वच्छ आहे असे समजू नका, असे त्यांनी मांडले. विद्यापीठ कोळसा सोडून वायूकडे वळते आहे आणि त्याच विद्यापीठाचे प्राध्यापक सांगत आहेत की यात फारसे भूषण नाही! गंमत पुढेच आहे. २०१२ साली कॉर्नेलच्याच लॉरेन्स कॅथल्स यांनी सहकाऱ्यांसह उलट निबंध लिहून हॉवर्थ यांची गृहीतके खोडून काढण्याचा प्रयत्न केला. वाद देशभर गाजला. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा पद्धतीने वायू काढण्यावर बंदी जाहीर केली. २०१६ साली विद्यापीठाने पुढच्या पर्यायांचा जो अहवाल काढला त्यात मिथेनच्या गळतीचाही हिशोब मांडला. घरच्यांनीच घरातल्या वहीत चूक दाखवायची आणि वहीत ती दुरुस्ती करायची, हे मला फार मोलाचे वाटते.

ऊन, भिंती आणि खिडक्या

२०१४ साली विद्यापीठाचे पहिले मोठे सौरशेत स्नायडर रोडवर सुरू झाले. ६,७७८ पॅनेल आणि क्षमता २ मेगावॅट. त्यानंतर आणखी सौरशेते झाली. इथाकाचे ढगाळ आकाश पाहिलेल्या माणसाला हसू येईल, पण वर्षभराच्या बेरजेत तेही बरेच देऊन जाते.

मात्र सर्वात स्वस्त वीज म्हणजे न लागलेली वीज. याचे उदाहरण पाहायला आपल्यापैकी पुष्कळांना फार लांब जायला नको. न्यूयॉर्क शहरात रूझवेल्ट बेटावर कॉर्नेलचे तंत्रज्ञान केंद्र २०१७ साली सुरू झाले. क्वीन्सबरो पुलावरून जाताना बेटावर जी २६ मजली इमारत दिसते तिचे नाव ‘द हाउस’. त्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक राहतात. ती ‘पॅसिव्ह हाउस’ या मानकानुसार बांधलेली आहे आणि सुरू झाली तेव्हा त्या प्रकारची जगातली सर्वात उंच इमारत होती. यात जादू काहीच नाही. भिंतींत जाड आवरण, तीन काचांच्या खिडक्या, कुठेही फट राहू न देणे आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणे. थंडीत आपण आधी स्वेटर घालतो, मग शेकोटी पेटवतो. इमारतींच्या बाबतीत मात्र आपण इतकी वर्षे शेकोटीच मोठी करत आलो.

आता खडकाची पाळी

गारवा तळ्याने दिला, थोडी वीज ओढ्याने आणि उन्हाने दिली. राहिला हिवाळा. थंड प्रदेशातल्या कोणत्याही गावाचा सर्वात अवघड प्रश्न तोच आहे. भर जानेवारीत वायू न जाळता एवढ्या इमारती गरम कशा ठेवायच्या?

उत्तर पुन्हा पायाखालीच शोधले जात आहे. पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसा खडक गरम होत जातो. २००६ साली एमआयटीने भूऔष्णिक ऊर्जेवर एक गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला होता. त्या अभ्यासाचे नेतृत्व करणारे जेफरसन टेस्टर २००९ साली कॉर्नेलमध्ये आले. ज्वालामुखी किंवा गरम पाण्याचे झरे नसलेल्या ठिकाणीसुद्धा, पुरेसे खोल गेले तर इमारती तापवण्यापुरती उष्णता मिळू शकेल, अशी कल्पना. पाणी खाली सोडायचे, गरम खडकातून फिरवायचे, वर आणून त्याची उष्णता काढून घ्यायची आणि परत खाली सोडायचे.

२०२२ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारच्या ७२ लाख डॉलर अनुदानातून कॅम्पसच्याच जमिनीवर एक चाचणी विहीर खोदली गेली. सुमारे ६५ दिवसांत ड्रिल जवळजवळ दोन मैल खोल पोहोचले. खडक कसा आहे, किती गरम आहे, त्यात भेगा आहेत का, खोदताना जमीन हलते का, याचा अभ्यास हा त्या विहिरीचा हेतू. उष्णता मिळवण्याची विहीर ती नव्हेच. आधी मोजायचे, मग करायचे. तळ्याच्या वेळी झालेल्या भांडणातून विद्यापीठ एवढे नक्कीच शिकलेले दिसते.

हिशोब कोणाच्या नावावर?

ही सगळी कथा एकत्र पाहिली की मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. यातला कोणताही उपाय कॅटलॉगमधून निवडून मागवलेला नव्हता. प्रत्येक वेळी माणसांनी आपल्याच ओढ्याकडे, तळ्याकडे, खडकाकडे बघितले. प्रत्येक वेळी खर्च पुढे येऊन उभा राहिला आणि लाभ मात्र दूर, पुढच्या पिढीच्या ताटात दिसत होता. आणि प्रत्येक उपायाला नंतरच्या लोकांनी अवघड प्रश्न विचारले. ओढा पुरत नाही, तळे सर्वांचे आहे, वायू स्वच्छ नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प बसवले असते तर गाडी कोळशावरच थांबली असती.

आपल्याही मंडळांची आता वये झाली आहेत. ठिकठिकाणी मराठी शाळा, सभागृहे, मंदिरे यांच्या स्वतःच्या वास्तू उभ्या राहत आहेत. बांधकाम समितीच्या बैठकीत देणगीदारांच्या पाटीचा रंग कोणता असावा यावर तासभर चर्चा होते. भिंतीतले आवरण किती जाड असावे, हीटिंग कशावर चालावे, छपराचे तोंड कोणत्या दिशेला असावे, यावर पाच मिनिटेही होत नाही. कारण सोपे आहे. पाटी उद्घाटनाच्या दिवशी दिसते, भिंतीतले आवरण कोणालाच दिसत नाही. पण त्या वास्तूचे चाळिसाव्या वर्षाचे वीजबिल आपण भरणार नाही, आपली मुले भरणार आहेत.

कॉर्नेलने स्वतःला दिलेली मुदत २०३५ ची आहे. ती पाळली जाईल की नाही हे आज कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही, कारण हिवाळ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आपल्या रविवारच्या मराठी शाळेत आज जी मुले बाराखडी गिरवत आहेत, ती २०३५ च्या सुमारास कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर शिकत असतील. तिथल्या थंडीत त्यांना मिळणारी ऊब कशाची असेल, हे आज मोठी असलेली माणसे ठरवत आहेत. त्या माणसांत आपणही आहोत.